झाकलेली शिडी

"माझा थोरला अर्धाच कसा काय आला गं?"

सासूबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि हे त्या माझ्या कानाशी, पण स्वतःशीच, पुटपुटल्या. तोंडावर तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या तक्रार हवेत सोडतात. ज्याची असेल त्यानं ती धरावी. मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. खरंच, दादा अर्धेच होते. एक डोळा, अर्धी मिशी, एक खांदा. आणि उरलेल्या अर्ध्या भागात, जिथे काल संध्याकाळपर्यंत दादांचा दुसरा खांदा होता, तिथे उभी होती एक शिडी.

आम्ही दोघींनी ती पाहिली. दोघींनी ती पाहिली नाही असं ठरवलं.

"तो खांब असेल," सासूबाई म्हणाल्या.

"खांबच," मी म्हणाले.

आता हा खांब काय प्रकार आहे ते सांगायला हवं. सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. "काय हवं तुम्हाला?" असं विचारलं की "आहे तेच ठेवायला जागा नाही" म्हणणाऱ्या बाई यंदा म्हणाल्या, "सगळ्यांचा एक फोटो. मोठा. सगळ्यांचा." दुसऱ्या 'सगळ्यांचा'वर जो जोर पडला तो घरात प्रत्येकाला ऐकू आला आणि प्रत्येकानं वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. कारण आमच्याकडे सगळे एका जागी उभे राहत नाहीत. माझे मोठे दीर (त्यांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते) आणि माझे हे, यांच्यात तीन वर्षं बोलणं नाही. दादांचं घर पुलापलीकडे. इथे चहा ओतून निघालं तर तो निवायच्या आत तिथे पोचता येतं. पण निघालं तर ना!

एवढं कशावरून बिनसलं म्हणाल, तर शिडीवरून. दादांची घडीची लाकडी शिडी ह्यांनी माळा आवरायला आणली, आणि परत गेली तेव्हा तिची एक पायरी मोडलेली होती. हे म्हणाले, "तिला आधीच तडा होता." दादा म्हणाले, "माझी शिडी धडधाकट होती." झालं. ह्यांची अंगकाठी भरदार आहे. यापलीकडे मी काही बोलणार नाही. घरात कुणीच बोलत नाही. त्या दिवसापासून 'शिडी' हा शब्दच आमच्या घरातून हद्दपार झाला. दाराजवळच्या बोळातला दिवा छताला आहे, तो एकदा गेला तो गेलाच, कारण तो बदलायला 'ती वस्तू' लागते. तीन वर्षं आम्ही भिंत चाचपडत घरात शिरतोय. पाहुण्यांना सांगतो, जरा जपून, वळण आहे.

तर फोटो जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते, पण फोटो सांधायची विद्या माझी मीच शिकलेय, चुका करतकरत. हा फोटोंचा प्रोग्रॅम मला दादांनीच आणून दिला होता, त्या वस्तूच्या आधीच्या काळात. इमारतीत माझं बऱ्यापैकी नाव आहे. समोरच्या काकूंच्या लग्नाच्या फोटोतून मी त्यांच्या जाऊबाई अशा काही काढून दिल्या की जागेवर नुसती कुंडी राहिली. तेव्हापासून लोक माझ्याशी जरा आदरानं वागतात.

या कामात प्रत्येक माणूस आपापल्या थरावर असतो, काचेवर चिकटवल्यासारखा. थराला मास्क लावायचा. मास्क म्हणजे पडदा समजा: त्यावर पांढरं असेल तिथे माणूस दिसतो, काळं फासलं तिथे लपतो. गंमत अशी की काहीच कापलं जात नाही. जे नको ते फक्त झाकायचं. ही विद्या मला चटकन जमली याचं मला नवल वाटत नाही. सून म्हणून मी या घरात दुसरं काय केलंय?

सासूबाईंना मी मधोमध खुर्चीत बसवलं. डावीकडे हे. उजवीकडे माझी नणंद, म्हणजे ह्यांची बहीण. मी मागे, जरा अस्पष्ट. स्वतःला सुधारायला माणसाला वेळच मिळत नाही. दादांचा मात्र धड फोटो मिळेना. माणूस घड्याळजी, आयुष्यभर मान खाली घालून काम केलेलं, त्यामुळे हरेक फोटोत टाळू. शेवटी वन्संकडे एक सापडला. त्यांच्या भिंतीवर घड्याळ टांगून दादा नुकतेच खाली उतरलेले, तोंडभर हसू, आणि एक हात ठेवलेला... त्याच वस्तूवर. ह्यांनी ती आणली त्याच्या आदल्याच आठवड्यातला फोटो. मी तो मोठा करून पाहिला. सगळ्या पायऱ्या ठणठणीत होत्या. मी घाईघाईनं काळा ब्रश घेतला आणि शिडी झाकून टाकली. अळीमिळी गुपचिळी. हात अधांतरी राहिला, बस थांबवत असल्यासारखा, म्हणून त्याखाली एक रिकामी खुर्ची आणून ठेवली. आणि दादांना उभं केलं अगदी उजव्या टोकाला. दोघा भावांच्या मध्ये दोन बायका आणि एक खुर्ची. मला ते सुरक्षित अंतर वाटलं.

असं सगळं जमून आलेलं असताना दादा अर्धे झाले.

मी संध्याकाळभर बसून त्यांना पुन्हा पूर्ण केलं आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. दोन दिवसांनी उघडते तर वन्संचं डोकं नाही. म्हणजे चेहरा होता, कपाळ होतं, त्यावर केस असायला हवेत तिथे मागची भिंत. मास्कवर काळे डाग पडलेले. इंटरनेटवर शोधलं, तर जगभरातले लोक रडत होते: मास्क खराब झाले, मास्क बिघडले, मास्कनं घात केला. परदेशातल्या एका सद्गृहस्थांच्या फोटोतून अख्खी सासुरवाडी गेली होती. मात्र त्यांच्या लिहिण्यात मला फारसं दुःख दिसलं नाही. म्हटलं, चला, आपण एकट्या नाही. माणसाचा संशय मला शिवलासुद्धा नाही. या घरात मास्कला हात लावू शकेल असं माझ्याशिवाय कोण होतं? हा माझा अभिमान होता, आणि तो पुढे कुठे जाऊन पडला ते येईलच.

घरच्यांनी आपापल्या परीनं मदत केली. हे म्हणाले, "मशीन तापत असेल," आणि त्यांनी टेबलफॅन आणून कॉम्प्युटरच्या तोंडावर सोडला; माझे सगळे कागद उडाले. वन्सं आल्या, आपलं टक्कल बघून दचकल्या आणि "मला यातलं काही कळत नाही बाई," असं कुणी विचारलेलं नसताना तीनदा म्हणाल्या. समोरच्या काकूंचं म्हणणं पडलं, "माणसं जास्त झाली असतील. कॉम्प्युटरला पेलत नाहीत. एखाददोन कमी करा की." कुठली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, त्यांना तो नाद लागला आहे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक मात्र चष्मा लावून स्वतः वर आले.

"फाइलचं नाव काय ठेवलंय?"

"फायनल."

"आणि ही दुसरी?"

"फायनल दोन."

"आणि ही?"

"फायनल खरंच," मी हळूच म्हणाले.

"बघा!" ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, जसा काही मी वर्गातला मुलगा आणि हे माझे पालक. "जिथे नावात शिस्त नाही तिथे मास्कनं काय म्हणून शिस्त पाळावी?" आणि चहा पिऊन गेले.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, "हं" म्हणाला. हा 'हं' डॉक्टरांचाही मी रोज ऐकते. त्याचा अर्थ 'मलाही माहीत नाही' असा असतो. "व्हायरस," तो म्हणाला. "सगळं साफ करून देतो." आणि मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्यानं खरोखरच सगळं साफ केलं. माझा पेनड्राइव्हसुद्धा. त्यावरची प्रतही.

"त्यातही असणार होता व्हायरस," तो म्हणाला. "आता निर्धास्त राहा."

निर्धास्त! ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही त्यानं निर्धास्त राहावं, हे खरं आहे म्हणा. कॉम्प्युटरवरची बिघडलेली फाइल तेवढी त्याच्या तडाख्यातून वाचली होती, ती मी पुन्हा नीट केली, वन्संना केस दिले आणि शनिवारी सकाळी उठल्या उठल्या, न उघडता, तशीच घेऊन छपाईच्या दुकानात गेले. म्हटलं, उघडायचीच नाही. उघडली की बिघडते.

दुकानात गर्दी होती. छपाईवाल्यानं फाइल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडली, सगळ्यांना दिसेल अशी. ह्यांच्या पोटाला आरपार भोक पडलं होतं. त्यातून मागची खिडकी दिसत होती, आणि खिडकीतलं झाडही. दादा नव्हते. दादांची जागा होती. त्यांच्या डोक्याचा, खांद्यांचा, पायांचा आकार अगदी जसाच्या तसा होता. पण त्या आकारात आत उभी होती शिडी.

कुणाचं तरी पोर म्हणालं, "आई, शिडीकाका!"

छपाईवाला भला माणूस. तो खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, शिडी ठेवायची आहे ना? नाही, छान उभी आहे, म्हणून विचारलं."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. बोळात भिंतीला डोकं आपटलं तेवढं आठवतं. सासूबाईंनी विचारलं, "झाला का गं फोटो?" आणि मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे तक्रार हवेत न सोडता सरळ रडले. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडे बघत राहिल्या, जिथे त्यांचा थोरला असायला हवा होता तिथे. मग म्हणाल्या, "राहू दे. नसेल योग." आणि आत जाऊन पडल्या. पंच्याहत्तर वर्षांत बाईंनी एक गोष्ट मागितली होती.

त्यानंतर मी प्रोग्रॅमच्या कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक पोरगी बोलायला आली. गोड आवाज, एका दमात वाक्य.

"जुन्या प्रती आमच्याकडे आपोआप साठवलेल्या असतात मॅडम, त्या परत मिळतील."

मला तिला मिठी मारावीशी वाटली.

"फक्त खातेदाराची परवानगी लागेल."

"मीच ती."

"नाही मॅडम. खातं दुसऱ्यांच्या नावावर आहे." आणि तिनं दादांचं नाव सांगितलं, आडनावासकट. "त्यांच्या मोबाइलवर कोड जाईल. तो त्यांनी सांगायचा."

"अहो, पण ते... त्यांनी पूर्वी कधीतरी आणून दिला होता प्रोग्रॅम. आता त्यांचा काही संबंध नाही."

"असं कसं मॅडम? मागच्याच महिन्यात त्यांनी नूतनीकरण केलंय. दरवर्षी करतात."

मी फोनवर हात ठेवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. "प्रोग्रॅमचे पैसे दरवर्षी तुम्ही भरत होता ना?"

"मी? मला वाटलं तू भरतेस."

तीन वर्षं तो माणूस, ज्याचं आम्ही नाव घेत नव्हतो, गुपचूप माझी हौस चालू ठेवत होता. आम्ही दोघंही जरा वेळ टेबलफॅनकडे बघत बसलो.

मी कंपनीच्या पोरीला समजावून पाहिलं. पण ती बधली नाही, खातेदारच हवा. मला तिचा राग येईना. मीही रोज खिडकीतून हेच सांगते, अगदी याच गोडव्यानं. करावं तसं भरावं! शेवटी ती म्हणाली, "खातेदार आले की फोन करा," आणि मी दादांचा नंबर लावला. ह्यांनी उठून खिडकी पुसायला घेतली. आमच्याकडे खिडक्या हे पुसत नाहीत.

"दादा, मी बोलतेय. तुमच्या मोबाइलवर एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवाल? आईंच्या फोटोचं काम आहे."

मागे बरीच घड्याळं टिकटिकत होती.

"आकडे बारीक असतील," दादा म्हणाले.

"असतील थोडे."

"मला हल्ली बारीक दिसत नाही. मीच येतो मोबाइल घेऊन."

मनगटी घड्याळाच्या पोटातला मोहरीएवढा स्क्रू चिमट्यानं उचलणारा माणूस. त्याला आकडे दिसत नव्हते.

ते आले तेव्हा बोळात धडपडले. "दिवा गेलाय वाटतं," त्यांनी कुणालाच न विचारता विचारलं.

"आत्ताच गेला," हे खिडकीला म्हणाले.

वन्संही आल्या, अशा वेळी त्यांना वास कसा लागतो ते मला कळत नाही. सासूबाई बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि दादांकडे असं बघू लागल्या की जणू नजर हटली तर त्यातलाही अर्धा जाईल. मी कंपनीला पुन्हा फोन लावून स्पीकरवर टाकला. दादांनी कोड वाचला, चष्म्याशिवाय, घडाघडा. पोरीनं आमचा पडदा तिच्याकडून चालवायला घेतला. बाण आपोआप फिरू लागला.

"मॅडम, मास्क खराब नाहीत," ती म्हणाली. "थर आणि मास्क यांना जोडणारी साखळी सुटलेली आहे. त्यामुळे माणूस सरकवला की मास्क जागेवरच राहतो. आणि काही मास्कवर ब्रश फिरवलेला दिसतोय."

साखळी दादांना बसवताना मीच सोडली होती. पण ते या क्षणी सांगायची मला गरज वाटली नाही.

"पण सरकवणार कोण? मी तर दुपारी कामावर असते."

"ही मंगळवार दुपारची प्रत," पोरगी म्हणाली, आणि पडद्यावर अर्धे दादा आले.

सासूबाईंनी पदराशी चाळा सुरू केला. "तू करतेस तेव्हा मी मागे उभी असते ना," त्या म्हणाल्या. "सोपं वाटलं. म्हटलं, फार लांब ठेवलंय त्याला. जरा माझ्याजवळ ओढला. एवढंच."

"आई!"

"ही गुरुवारची." वन्संचं टक्कल.

"दुपारी आईला भेटायला आले, तर केस पांढरे दिसत होते," वन्सं भिंतीला म्हणाल्या. "काळा ब्रश मारला. सगळे केस काळे होतील असं वाटलं. गेलेच!"

म्हणजे हे सगळे माझ्या खांद्यावरून बघूनबघून शिकले होते, जशी मी शिकले तसेच. फक्त अर्ध्यावर थांबले होते. आणि प्रत्येकानं घाबरून 'बदल जपायचे का?' याला 'हो' म्हणून फाइल बंद केली होती. माझा अभिमान कुठे पडला म्हणाल, तर इथे, टेबलफॅनच्या पायाशी.

"ही आज पहाटेची," पोरगी म्हणाली. पोटाला भोक आणि दादांच्या आकारात शिडी.

कुणीही 'खांब' म्हणालं नाही. हे खिडकी अशी पुसत होते की आता हात काचेतून पलीकडे जाईल असं वाटत होतं. मी मनात म्हटलं, पोट कमी करायला गेला असाल ते समजलं. पण भावाला फोटोतून पार काढलंत? आईच्या फोटोतून? मला इतका राग आला की मी तोंड उघडणार, एवढ्यात पोरगी म्हणाली, "इथे पण थर काढलेला नाही मॅडम, फक्त सरकवलाय. मास्क बंद करून दाखवते."

बाण फिरला, आणि जे झाकलेलं होतं ते सगळं एकदम उघडं पडलं. वन्संच्या घराची भिंत, तिच्यावरचं नवं घड्याळ, सासूबाईंना अर्धं झाकून पार उजव्या टोकापर्यंत पाय फाकून उभी असलेली ती शिडी, वरपासून खालपर्यंत, सगळ्या पायऱ्यांसकट. आणि दादा. पूर्ण, दोन्ही मिशांसकट, तोंडभर हसत. टोकाला नव्हते ते. त्यांना कुणीतरी सगळ्या बायका आणि ती खुर्ची ओलांडून पार डावीकडे ओढत आणलं होतं, आणि ह्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असं उभं केलं होतं. जरा तिरपेच. ओढणाऱ्याचा हात सराईत नव्हता.

दादा पुढे वाकले. त्यांनी आधी तो खांदा पाहिला. मग पायऱ्या पाहिल्या, एकेक करून, घड्याळ तपासावं तशा. मग सरळ झाले. वन्संना बोलायचं होतं, पण मी त्यांचा दंड धरला होता.

"आणखी काही मदत करू शकते का?" स्पीकरमधून पोरगी म्हणाली.

ह्यांनी फडकं खिडकीत ठेवलं. पोट आत घ्यायचा प्रयत्न केला, मग तो सोडून दिला, आणि आपल्या भरदार अंगानिशी भावाकडे वळले.

"पायरीला तडा नव्हता, दादा," हे म्हणाले. "ती माझ्या वजनानं मोडली."